दहा आणि चारचा चोर

आमच्या आणि आक्कांच्या घरामधली भिंत कमरेएवढी आहे. सांगलीत विश्रामबागेत ही जुळी घरं बांधताना ठेकेदारानं विटा वाचवल्या, असं हे म्हणतात. वाचवल्या ते बरंच झालं. त्या भिंतीवरून आजवर विरजण, कढीपत्ता, लग्नपत्रिका आणि सगळ्या गल्लीच्या खबरी इकडच्या तिकडे गेल्यात. मागच्या रविवारी माझा जुना लॅपटॉपही तिच्यावरूनच पलीकडे गेला. मी नवा घेतला, आणि आक्कांना सिंगापूरच्या लेकीशी, नातीशी मोठ्या पडद्यावर बोलायचं होतं.

सोमवारी सकाळी आक्का भिंतीपाशी आल्या. "काय गं, श्रावणी सोमवार आणि तोंड असं उतरलेलं? उपास बाधला का?"

"उपास नाही हो आक्का. सर्व्हर आत घेईना."

"आत घेईना? नोकरीवरून काढलं की काय?"

मी एका करसल्लागारांकडे हिशेब बघते. ऑफिस गणपती पेठेत, हळदीच्या वासात. पावसाळ्यात गुडघा धरतो, म्हणून हा आठवडा घरून काम. टॅली, व्यापाऱ्यांची खाती, सगळं ऑफिसातल्या सर्व्हरवर. घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपनं तिकडं जायचं. काम सगळं तिथंच होतं, इथं फक्त त्याचं चित्र दिसतं. हे सगळं आक्कांना सांगितलं.

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तुझ्या तव्यावरची पोळी उलटायची."

"अगदी तसंच."

"मग उलट की."

"तवाच हाताला लागेना ना. पासवर्ड चुकला म्हणतोय. वीस तारखेला व्यापाऱ्यांचं जीएसटीचं थ्री-बी भरायचंय, आणि आज अठरा."

आक्का बँकेत होत्या. त्यातली शेवटची पंचवीस वर्षं कॅश काउंटरला. एक रुपया कधी कमी-जास्त भरला नाही, हे त्या स्वतः सांगतात आणि न विचारता सांगतात. पासवर्ड, किल्ली, सही असला विषय निघाला की त्यांच्या डोळ्यांत जुनं तेज येतं. त्यांनी पदर खोचला. "सांग बघू. नेमकं काय चुकलं म्हणाला?"

"तेच तर सांगत नाही. लॉगिननाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, एवढंच म्हणतो. ह्यातलं कुठलं ते नाही."

"शहाणा आहे," आक्का म्हणाल्या. "मी काउंटरला होते तेव्हा फोन यायचे, अमक्याचं खातं तुमच्याकडं आहे का म्हणून. आहे म्हटलं तरी अर्धी माहिती गेली आणि नाही म्हटलं तरी गेली. नाव बरोबर आहे, नुसता पासवर्ड चुकला, असं त्यानं सांगितलं तर चोराचं निम्मं काम झालं की."

हे खरं होतं, पण माझं काम अडलंच होतं. तेवढ्यात आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघणाऱ्या पोराचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आक्कांपासून काही लपवायचं म्हणजे भिंत उंच करावी लागेल.

"ताई, पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चित्र दिसतंय का? ते दाबून धरा आणि काय उमटलंय ते वाचा."

दाबलं आणि कपाळावर हात मारला. अक्षरं मराठी उमटली होती. आदल्या रात्री महिला मंडळाची मंगळागौरीची सूचना टाइप केली होती आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. चौकटीत दिसतात नुसते काळे ठिपके. मराठीचे ठिपके वेगळे आणि इंग्रजीचे वेगळे, असं थोडंच असतं? विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणला.

तरीही आत घेईना.

"आता नाव बघा," पोरगा म्हणाला. "वर कुणाचं नाव आहे?"

वर माझा ईमेल होता. नवा लॅपटॉप मी त्या ईमेलवर सुरू केलेला, म्हणून त्यानं आपल्या मनानं सर्व्हरच्या दारातही तोच पुढं केला होता. पोरानं सांगितलं, 'आणखी पर्याय'मध्ये जा, 'दुसरं खातं वापरा' निवडा, आधी सर्व्हरचं नाव लिहा, मग उलटी तिरकी रेघ, मग ऑफिसातलं लॉगिननाव.

"सासरचं नाव लावायचं होतं, तू माहेरचं लावलंस," आक्कांनी लगेच निकाल दिला. "एकाच नावाच्या तीन सुना असतात गं गावात. कुठल्या घरची ते नको कळायला?"

"आणि ताई, तुम्ही लॅपटॉपचा चार आकडी पिन तर टाकत नाही ना? तो त्या लॅपटॉपपुरताच असतो. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला तो कळत नाही."

मी गप्प राहिले. दोनदा टाकून झाला होता. आक्कांनी माझ्याकडं बघून जीभ चावली. "आपल्या न्हाणीघराची कडी ती! बँकेच्या तिजोरीला चालेल होय?"

ह्या सगळ्या उपद्व्यापात सर्व्हरचं बोलणं बदललं. आता तो म्हणत होता, फार वेळा चुकलं, म्हणून खबरदारी म्हणून खातं बंद केलंय, थोड्या वेळानं या.

"पाच चुकांना अर्धा तास बंद, असं आपल्याकडं ठरलंय," पोरगा म्हणाला. "नव्या विंडोज ११ मध्ये तर २०२२ पासून असा नियम यंत्राबरोबरच येतो, दहा चुकांना दहा मिनिटं. थांबा, मी उघडून देतो."

सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. तिसरी चूक झाली की इशारा समजून हात आखडावा. आम्ही मात्र पाणी दारात येईपर्यंत भांडी उचलत नाही.

"बरं चला," आक्का म्हणाल्या, "दहा वाजत आले. लेकीची जेवणाची सुट्टी होते. तिकडं साडेबारा वाजतात. तुझा लॅपटॉप झकास आहे हो, फक्त जरा हट्टी आहे." आणि त्या आत गेल्या.

पोरानं खातं उघडलं आणि सांगितलं, मी चहा घेतो, पाच मिनिटांनी जा. पाच मिनिटांनी गेले, तर खातं पुन्हा बंद! माझंच काहीतरी चुकलं असेल असं समजून त्याच्याकडून पुन्हा उघडून घेतलं, आत गेले आणि दुपारपर्यंत काम केलं. सव्वाचारच्या सुमाराला पाऊस आला, वीज गेली, वायफाय गेलं. दहा मिनिटांनी वीज आली, पण सर्व्हर काही मला आत घेईना. खातं बंद! मधल्या वेळात मी एकदाही पासवर्ड टाकला नव्हता.

ह्या कुलपाची रीत अशी की आत बसलेल्याला ते बाहेर काढत नाही. आत असेपर्यंत कळतही नाही की दार कधीच बंद झालंय. कळतं ते बाहेर पडून परत येताना.

मंगळवारी सकाळी मी भिंतीपाशी गेले ते भांडणाच्या तयारीनंच. कुणाशी भांडायचं तेवढं ठरत नव्हतं.

"कुणीतरी माझ्या नावानं आत शिरायला बघतंय, आक्का."

आक्कांच्या हातातली कोथिंबीर निवडायची थांबली. अशी खबर आमच्या गल्लीत दोन वर्षांत आली नव्हती. "कोण गं? ऑफिसातलं कुणी? ती नवी मुलगी? मला ती पहिल्या दिवसापासून…"

"तुम्ही तिला पाहिलेलं पण नाही."

"तू सांगितलंस ना, केस मोकळे सोडून येते म्हणून."

पोरालाही तोच संशय होता, फक्त केसांचा मुद्दा सोडून. आदल्या संध्याकाळी त्यानं विचारलं होतं, पासवर्ड कुणाला दिलाय का, कागदावर लिहिलाय का. मग त्यानं माझा पासवर्डच नवा करून दिला, आणि सवयीनं एका चौकटीत खूण केली : पहिल्यांदा आत आल्यावर हिनं पासवर्ड बदलावा. त्यानं तर आणखीच पंचाईत झाली. आमच्या सर्व्हरवर अशी व्यवस्था आहे की पडदा उघडण्याच्या आधी, उंबऱ्याबाहेरच ओळख पटवावी लागते. तिला नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन म्हणतात. पासवर्ड बदलायची जागा आत, आणि सर्व्हर म्हणतो, आधी बदल, मगच आत ये.

आक्का खदखदून हसल्या. "लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना!"

"रात्री साडेनऊला त्यानं ती खूण काढली, तेव्हा आत गेले. मग आत बसून मीच पासवर्ड बदलला. तिथं नेहमीचं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर ते इथल्या लॅपटॉपलाच लागू होतं. सर्व्हरसाठी डिलीटच्या जागी एंड दाबायचं."

"पण परवा शनिवारीच बदलला होतास ना पासवर्ड? मला म्हणालीस, डोकं उठलंय."

"हो. आमच्याकडं ४२ दिवसांनी बदलावा लागतो."

बेचाळीस हा आकडा साहेबांनी पंचांग बघून काढलेला नाही. विंडोजमध्ये तो आधीपासूनच भरलेला असतो, बहुतेक ठिकाणी तसाच राहतो. पोरानं सांगितलं की मायक्रोसॉफ्टनंच २०१९ मध्ये आपल्या सुरक्षेच्या शिफारशींतून ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलण्याचं कलम काढून टाकलं. सारखं बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकानं वाढवतात आणि बदलला म्हणतात. साहेबांना हे सांगून झालंय. ते म्हणतात, चालू आहे ते चालू द्या.

"आकडा वाढवतात म्हणजे?" आक्कांनी डोळे बारीक केले. "तू?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

मग विषय गल्लीबाहेर गेला. आक्कांना चोर हवा होता, आणि माझ्याकडं चोरांच्या गोष्टी होत्या. पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी कॉम्प्युटरला पासवर्डच ठेवला नव्हता, कटकट नको म्हणून. एकदा गावाहून रिमोटनं काम करायचं ठरवलं तर यंत्र आत घेईना. पासवर्डची चौकट रिकामी ठेवून बघितली, जागा सोडून बघितली, ‘रिकामा’ असं लिहूनही बघितलं. विंडोजचा मूळचा नियमच आहे, कोऱ्या पासवर्डचं खातं समोर बसूनच उघडायचं, लांबून नाही.

"बरोबर आहे," आक्का म्हणाल्या. "घराला कडी नसली तरी शेजारी बघतात. परगावच्या माणसाला कोण बघणार?"

दुसऱ्या एका ठिकाणची गोष्ट वाईट होती. त्यांच्या सर्व्हरचं दार थेट इंटरनेटवर उघडं होतं. रिमोट डेस्कटॉपच्या दाराला नंबर असतो, ३३८९, आणि तो जगजाहीर. जगभरातले प्रोग्रॅम रात्रंदिवस पत्ते फिरून तो नंबर कुठं उघडा आहे ते बघतात आणि ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’ अशी नावं घेऊन पासवर्ड लावत बसतात. तिथं एक लागला. सकाळी सगळ्या फायलींना कुलपं आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

"त्या दारातच एकदा अशी खोट निघाली की पासवर्डसुद्धा लागत नव्हता. २०१९ चा मे महिना. ब्लूकीप म्हणायचे तिला. मायक्रोसॉफ्टनं तेव्हा २०१४ साली निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती दिली."

"म्हणजे पेन्शनरलाही बोलावून लस टोचली," आक्का म्हणाल्या आणि त्यांना त्या यंत्राबद्दल जरा आपुलकी वाटलेली दिसली. मग एकदम, "अगंबाई, दहा! पोर वाट बघत असेल," म्हणून कोथिंबिरीची पाटी भिंतीवरच ठेवून गेल्या.

सव्वादहाला माझं खातं बंद.

मी पोराला फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता. तो शांतपणे म्हणाला, "ताई, दारात सर्व्हर कुणालाच काही सांगत नाही, पण आपल्या वहीत सगळं लिहून ठेवतो. काल मी साहेबांच्या प्रिंटरमागं होतो, आज बघतो."

ही वही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. पासवर्ड चुकला की तिथं ४६२५ नंबरची नोंद पडते. बाहेर दोन्ही चुकांना एकच वाक्य, पण वहीत कारण वेगळं. कोडचा शेवट ६ए असेल तर नाव बरोबर, पासवर्ड चूक. ६४ असेल तर त्या नावाचं कुणी इथं राहतच नाही. ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. २३४ म्हणजे खातं बंद असताना परत आला. आणि खातं बंद होतं त्या क्षणाची नोंद वेगळी, ४७४० नंबरची. तिच्यात बंद पाडणाऱ्या यंत्राचं नावही असतं.

"म्हणजे चहाडी करतो की," आक्का संध्याकाळी म्हणाल्या. पाटी न्यायला आल्या होत्या.

"चहाडी कशी? विचारायचा हक्क असेल त्यालाच सांगतो."

"चहाडी तशीच असते गं. मीपण गल्लीत सगळ्यांना सांगत नाही."

बुधवारी वीस तारीख. रात्रभर पाऊस. गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पुलापाशी पाणी किती. मी सकाळी आठलाच आत शिरून कामाला लागले होते. पावणेदहाला पोराचा फोन आला. मी लॅपटॉप तसाच उचलून भिंतीपाशी गेले, कारण आक्का तिथं होत्या आणि त्यांच्याशिवाय चोर पकडणं बरं दिसलं नसतं.

"ताई, वही वाचली. बाहेरचे लोक आपलं दार वाजवतायत हे खरं आहे, शेकडो नोंदी आहेत. पण ते ‘अ‍ॅडमिन’ म्हणून वाजवतायत. तुमचं नाव त्यांना माहीत नाही. तुमच्या नावाच्या चुका रविवारपासून आहेत, आणि सोमवारच्या तुमच्या स्वतःच्या सोडल्या तर सगळ्या एकाच यंत्रावरून. रोज दहाला आणि चारला, पाच-दहा मिनिटं पुढंमागं. एका दमात पाच."

"दहाला आणि चारला!" आक्का भिंतीवर वाकल्या. "नोकरीला असल्यासारखा येतो की मेला. यंत्राचं नाव काय म्हणाला?"

"इंग्रजीत लिहिलंय," पोरगा अडखळत वाचू लागला. "स्व-यं-पा-क-घ-र. स्वयंपाकघर. असं कुणी ठेवतं का नाव?"

मी ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी, लॉकडाउनमध्ये तो लॅपटॉप घेतला तेव्हा तो डब्यांच्या फळीखालीच मांडलेला असायचा. त्यानं नाव विचारलं आणि मी समोर दिसलं ते लिहिलं. तोच लॅपटॉप रविवारी ह्याच भिंतीवरून गेला होता.

मी आक्कांकडं बघितलं. आक्का घड्याळाकडं बघत होत्या. "थांब हं, दहा वाजले. नातीचा आज चित्रकलेत नंबर आलाय, ती आईच्या ऑफिसात गेलीय दाखवायला. तू पण बघ." आणि त्या लॅपटॉप घेऊन आल्या, भिंतीवरचा ओलावा पदरानं पुसला आणि त्यावर ठेवला. आता तिथं दोन लॅपटॉप समोरासमोर होते, विहिणींसारखे.

"हे बघ, दोन चित्रं आहेत," आक्का सांगू लागल्या. "दोन्हीत पडदा दिसतो. मी आधी ह्या डाव्या चित्रावर दाबते, तो पहिला आहे ना. तो पासवर्ड विचारतो. वर तुझंच नाव दिसतं. म्हटलं लॅपटॉप तुझा होता, असू दे. मी माझा पासवर्ड देते. घेत नाही. परत देते. चार वेळा देते रोज. चार वेळा देऊनही घेतला नाही की मग नाद सोडते आणि ह्या उजव्यावर दाबते. तो काही न विचारता लेकीला लावून देतो. म्हटलं ना मी, हट्टी आहे म्हणून."

फोनवर पोरगा काही बोलत नव्हता. खोकल्याचा आवाज येत होता, पण तो खोकला नसावा.

डावं चित्र माझ्या ऑफिसचं होतं. लॅपटॉप देताना मी फोटो काढून घेतले, फायली पुसल्या, पडदाही ओल्या फडक्यानं पुसला, आणि नेमकं हे चित्र तिथंच राहिलं. त्याच्या पोटात माझं लॉगिननाव आणि शनिवारच्या आधीचा पासवर्ड साठवलेला. आक्का दाबायच्या तेव्हा लॅपटॉप आधी तो जुना पासवर्ड पुढं करायचा, ही पहिली चूक. मग आक्का चार वेळा आपला द्यायच्या. चार आणि एक पाच. धोका पातळी. शनिवारी मी पासवर्ड बदलला नसता, तर रविवारीच आक्का थेट हळदीच्या व्यापाऱ्यांच्या खात्यांत जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

हे मी त्यांना सांगितलं. त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "काखेत कळसा. आणि मी त्या मोकळ्या केसांच्या पोरीला…"

"जाऊ द्या हो."

"जाऊ द्या काय? आणि तुझी चूक नाही? तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडं सोपवताना आम्ही रजिस्टरमध्ये सह्या करायचो. देणाऱ्याची एक, घेणाऱ्याची एक. तू किल्ली खिशात ठेवूनच कोट देऊन टाकलास."

ह्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. तीन दिवस मी कीबोर्ड बघितला, नाव बघितलं, पासवर्ड दोनदा बदलला, ऑफिसातल्या मुलीवर मनातून संशय घेतला. पासवर्डचं दुखणं म्हणजे पासवर्डचंच, असं धरून बसले होते. खरं तर नव्या पासवर्डचं काहीच बिघडलं नव्हतं. जुना कुठं कुठं राहिलाय हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

पोरानं फोनवरूनच सांगितलं, आम्ही भिंतीवर केलं. आधी ते चित्र पुसलं. तेवढ्यानं भागत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडायचा, विंडोजच्या भागात ‘टर्मसर्व्ह’नं सुरू होणारी नावं शोधायची. लॅपटॉपनं लांबच्या यंत्रांसाठी लक्षात ठेवलेले पासवर्ड ते. आमच्या सर्व्हरचं नाव सापडलं, काढून टाकलं. मग त्यानं मला दम दिला, फोनमध्ये, जुन्या टॅबमध्ये, ऑफिसातल्या जुन्या टेबलावरच्या पीसीत कुठं साठवलाय का तेही बघा. आणि साहेबांना कळवलं की दार इंटरनेटवर असं उघडं ठेवून चालणार नाही, पुढच्या आठवड्यात सर्व्हर व्हीपीएनच्या आड घेतो. साहेब ह्या वेळी ‘चालू आहे ते चालू द्या’ म्हणाले नाहीत. आक्कांनी दाखवून दिलं होतं की त्या दारापर्यंत पोचायला चोर असावं लागत नाही. सेवानिवृत्त कॅशियर आणि चुकीचं चित्र, एवढं पुरतं.

"पोरगा हुशार आहे गं," आक्का फोनच्या दिशेनं, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लग्नाचं बघतायत का घरचे?"

फोन लगेच बंद झाला.

नातीचं चित्र बघितलं. मोर होता, निळा, सिंगापुरात बसून काढलेला. मी परत कामाला बसले. चारला आक्का लेकीशी बोलल्या आणि माझं खातं बंद पडलं नाही. शेवटचं थ्री-बी सात वाजून दहा मिनिटांनी भरून झालं. पाणी इशारा पातळीच्या अलीकडं थांबल्याची खबरही तेव्हाच आली. ह्या दोन बातम्या सांगायला मी भिंतीपाशी गेले.

आक्का माझीच वाट बघत होत्या. हातात वाटीभर कोथिंबिरीच्या वड्या, पण वाटी पुढं होईना.

"ते वहीत लिहिलंय म्हणालीस ना. माझ्या त्या चुका."

"हो."

"माझं नाव लागलंय?"

"नाही हो. नाव माझं, आणि यंत्राचं स्वयंपाकघर."

"तरी. पंचवीस वर्षं काउंटरला होते. माझ्या हातून एक चुकीची नोंद नाही. आता ह्या वयात पंधरा-वीस. खोडता येत नाहीत?"

मलाही ते माहीत नव्हतं. पोराला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं ते वाचून दाखवलं. एकेक नोंद काही खोडता येत नाही. सगळी वही पुसता येते, पण पुसली की कोऱ्या वहीत पहिली नोंद आपोआप पडते, ११०२ नंबरची : वही पुसली, अमक्यानं पुसली, अमक्या वेळी.

आक्कांनी ते ऐकलं. दोन क्षण विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्यासारखं समाधान पसरलं.

"असंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "खाडाखोड केली तर खाली सही हवी. राहू दे माझ्या नोंदी तशाच. चांगल्या शिस्तीच्या बँकेत आहेत."

आणि मग वाटी भिंतीवर ठेवली.